मामा, काका आणि 178 दिवस: कुष्ठवसाहतीतून निघणाऱ्या जगप्रवासाची तयारी

माझे मामा विदर्भात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून 31 वर्षं नोकरी करून रिटायर झाले. आधी सायकलवर आणि मग लुनावर गावोगाव चट्टे बघत फिरण्यात सगळी नोकरी गेली. चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचे, बॉलपेनचं टोक अंगावर हलकंच टेकवायचं आणि "कुठं लागलं तिथं बोट ठेव" म्हणायचं, बोट दुसरीकडेच गेलं किंवा उचललंच गेलं नाही तर तिथली संवेदना गेलीय हे कळायचं. हे मी लहानपणापासून बघत आलोय. रिटायर झाल्यावर दोन वर्षं घरात काढली आणि एक दिवस म्हणाले, मला जगात जिथं जिथं या लोकांना नेऊन ठेवलं होतं त्या जागा बघायच्यात आणि जाता जाता लोकांना सांगायचंय की हा आजार औषधानं पूर्ण बरा होतो. कागदपत्रं, तिकिटं, इंटरनेटवरचं सगळं काम माझ्याकडे आलं. आज निघायला तीन आठवडे राहिलेत, मागच्या दीड वर्षात काय काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण असा सामाजिक कामाचा लांबचा प्रवास ठरवणारे बरेच जण असतात आणि आमच्या ज्या गोष्टी फिरल्या त्या त्यांच्याही फिरू शकतात.

पहिला प्लॅन दहा महिन्यांचा, मामा आणि मामी दोघांचा, अकरा देशांचा होता. उद्देश म्हणून वर एकच शब्द, जनजागृती. मी त्याचं छान प्रेझेंटेशन बनवलं, जगाचा नकाशा, त्यावर लाल रेघ. ते घेऊन आम्ही मामांच्या ओळखीच्या एका वसाहतीत गेलो. वसाहतीचं नाव मुद्दाम देत नाही. सत्तरेक घरं आहेत, हातमाग आहेत, आणि तिथल्या बहुतेकांना आजारातून बरं होऊन तीसपेक्षा जास्त वर्षं झालीत. तिथले एक काका, मामांचे जुने पेशंट, वय 67, दोन्ही हातांची बोटं आखडलेली आणि काही झडलेली, तरी मागावर बसतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नकाशावर हात ठेवला आणि म्हणाले, "जागा आमच्या लोकायच्या, गोष्ट आमची, मंग मले कायले नाई नेत?"

मामा काहीच बोलले नाहीत. घरी येताना गाडीतही बोलले नाहीत. रात्री मामींनी स्वतःहून सांगितलं की माझे गुडघे तसेही दहा महिने चालणार नाहीत, त्यांना घेऊन जा. तिथून पुढं हा प्रवास मामा आणि काकांचा झाला आणि तयारी जवळपास पहिल्यापासून करावी लागली.

काकांनी दुसरं काम केलं ते उद्देशाचं. जनजागृती म्हणजे नेमकं काय करणार, नॉर्वेतल्या माणसाला आता कुष्ठरोगाबद्दल जागं करून त्याचा काय उपयोग, जिथं नवे पेशंट निघतात ते तर आपल्याकडेच, जगातल्या नव्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त एकट्या भारतात सापडतात. वसाहतीत पाच-सहा बैठका झाल्या. मी आधी ऐकायला म्हणून बसायचो, नंतर लिहून घ्यायला लागलो. लोकांच्या मनात आजार नव्हताच, जागा होती. आम्ही मेल्यावर ही घरं कोणाची, सातबारा आमच्या नावावर नाही, पोरांना इथून उठवलं तर ती कुठं जातील. देशातल्या कितीतरी वसाहतींचा हा प्रश्न आहे. त्यातूनच प्रवासाचा प्रश्न एका ओळीत आला, ज्या सरकारांनी माणसं उचलून वेगळी ठेवली त्यांनी नंतर त्यांना काय परत दिलं, घर दिलं का, पैसे दिले का, माफी मागितली का. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारायचा, कागद बघायचे, आणि 30 जानेवारीला, आपल्याकडच्या कुष्ठरोग निवारण दिनाला, वसाहतीत परत येऊन सांगायचं.

एकदा प्रश्न पक्का झाल्यावर कुठं जायचं आणि कुठं नाही हे ठरवणं फार सोपं गेलं. जपान तर हवंच. तिथं 1996 ला कुष्ठरोगाचा जुना कायदा रद्द झाला, पेशंटांनी सरकारवर केस केली, 2001 च्या मे महिन्यात कुमामोतोच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि सरकारनं अपील न करता भरपाई दिली. 2019 ला तर घरच्यांच्या बाजूनंही निकाल लागला, म्हणजे आई-बापाच्या आजारामुळे ज्या पोरांना वाळीत टाकलं त्यांचंही नुकसान कोर्टानं मान्य केलं. हे मी वसाहतीत सांगितलं तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका बाईनं दोनदा विचारलं, पोरांचं पण? पोरांचं पण मानलं? तिथल्या नागाशिमा बेटावर 1930 पासूनची वसाहत आहे, बेट आणि किनारा यांच्यात पाणी फक्त 30 मीटरच्या आसपास, पण पूल झाला 1988 ला. ती 30 मीटर काकांना स्वतः चालून पार करायचीत.

बाकीचं थोडक्यात सांगतो. नॉर्वेतलं बर्गन, कारण तिथं हॅन्सननं 1873 ला कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि तिथलं जुनं कुष्ठरोग दफ्तर युनेस्कोनं 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या जगातल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या नोंदीत घेतलंय. ग्रीसमधलं स्पिनालोंगा बेट, 1903 ते 1957 तिथं वसाहत होती. अमेरिकेत लुइझियानातलं कारव्हिल, जिथं 1894 ला पहिले सात पेशंट रात्रीच्या अंधारात मिसिसिपी नदीतून बार्जवर बसवून आणले होते, आता तिथं म्युझियम आहे. हवाईतलं कालाउपापा. फिलिपिन्समधलं कुलिऑन, जिथं 1906 पासून पेशंट नेले आणि बाहेरच्यांच्या हातात त्यांचे पैसे जाऊ नयेत म्हणून वेगळी नाणी पाडली. शेवटी मलेशियातलं सुंगाई बुलो, तिथले बरे झालेले लोक रोपवाटिका चालवतात.

ब्राझील गळलं याचं मामांना अजून वाईट वाटतं. भारतानंतर सगळ्यात जास्त नवे पेशंट तिथं, शिवाय सक्तीनं वेगळं ठेवलेल्यांना पेन्शन देणारा कायदा त्यांनी 2007 लाच केला, म्हणजे आमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथं होतं. पण ब्राझीलच्या बऱ्याच भागात जाताना पिवळ्या तापाची लस घ्या असं सांगतात आणि साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता वाढते. दोघेही साठीच्या वरचे. डॉक्टरांनी टाळता आलं तर टाळा म्हणलं आणि आम्ही टाळलं. त्याऐवजी तिथल्या पेशंटांच्या 1981 पासूनच्या चळवळीशी, मोऱ्हानशी, व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरही कुष्ठवसाहत होती, पण आमच्या तिकिटाच्या रेघेत ते बसेना म्हणून तेही सोडलं.

आता कागदपत्रं, आणि इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

काकांची दोन नावं आहेत. चौथीच्या दाखल्यावर एक, आणि आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड, बँक यावर दुसरं. चौदा वर्षांचे असताना अंगावर चट्टे आले, घरच्यांनी एका दवाखान्यात सोडलं आणि पुन्हा आले नाहीत, तिथं नाव विचारल्यावर त्यांनी वेगळंच सांगितलं, गावाला कळू नये म्हणून. आडनावही बदललं. असं करणारे ते एकटे नाहीत. कारव्हिलमध्ये गेलेले पेशंटही नाव बदलायचे, तिथून "द स्टार" नावाचं मासिक काढणारा स्टॅन्ली स्टीन हेही बदललेलंच नाव, मूळ नाव सिडनी लेव्हिसन. जपानमध्येही तेच. हे वाचून मला वाटलं की पासपोर्टच्या निमित्तानं काकांना त्यांचं खरं नाव परत मिळवून देऊ, याहून मोठं काम कोणतं. मामांनाही पटलं. मामा काकांच्या मूळ गावाच्या शाळेत तीन वेळा गेले, जुनं रजिस्टर काढायला लावलं, दाखला मिळवला. मी राजपत्रात नाव बदलायचा अर्ज भरून ठेवला, मग आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट अशी सगळी साखळी कागदावर मांडली. पाच महिने लागले असते.

दाखला घेऊन वसाहतीत गेलो. काकांनी तो हातात धरला, दोन तळहातांच्या मध्ये, त्यांना चिमटीत कागद धरता येत नाही. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "या नावाच्या पोराले घरातून काढलं होतं. त्या दुसऱ्या नावानं मी लग्न केलं, घर बांधलं, पोरी शिकवल्या. पासपोर्ट त्याच नावाचा काढा."

आम्ही दोघांनी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. तीन आठवडे आम्ही त्यांच्या भल्यासाठी धावत होतो आणि भलं कशात आहे हे परस्पर ठरवून बसलो होतो. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं आणि तसं मी त्यांना सांगितलंही. दाखला मात्र त्यांनी ठेवून घेतला, पत्र्याच्या पेटीत, आणि म्हणाले की नागाशिमाला तो सोबत नेईन, तिथल्या लोकांना दाखवायला. पासपोर्ट रोजच्या नावानं निघाला, आधार आणि जन्मतारखेचे कागद एकमेकांशी जुळत होते म्हणून अडचण आली नाही. पोलीस व्हेरिफिकेशनला आलेल्या माणसानं वसाहतीत बसून चहा घेतला हे काकांनी मला फोन करून सांगितलं. चहा घेतला, हे त्यांना सांगावंसं वाटलं.

बोटांचे ठसे हा दुसरा भाग. नॉर्वे आणि ग्रीस दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपातल्या देशांच्या गटात, येत असल्यामुळे एकच व्हिसा लागतो, जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि कुठल्याही 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त राहायचं नाही. तिथं दहा बोटांचे ठसे घेतात. काकांची ठसा उमटेल अशी बोटं सहा. नियम असा आहे की जेवढे देता येतील तेवढे घ्यायचे आणि ज्याला अजिबातच देता येत नाहीत त्याला सूट, पण नियम असणं आणि काऊंटरवरच्या माणसाला तो माहीत असणं वेगळं, म्हणून हाताबद्दलचं जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र सोबत ठेवलं. मुंबईला काऊंटरवर पंचविशीतली मुलगी होती. काचेवर लाल दिवा परत परत लागत होता, काकांची बोटं काचेवर सपाट बसेनात, मागं रांग वाढत होती. ती उठून बाहेर आली, काकांना विचारलं, "मी हात धरला तर चालेल का?" आणि त्यांचं एकेक बोट स्वतःच्या हातानं काचेवर दाबून धरलं. एकूण वीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर काका म्हणाले की सरकारी कामासाठी माझा हात पहिल्यांदाच कोणी हातात घेतला. ज्यांना असे कागद काढायचेत त्यांनी आदल्या रात्री आणि सकाळी हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावून मऊ ठेवावेत आणि आत जायच्या आधी कोरडे पुसावेत, खरंच फरक पडतो.

अमेरिकेच्या नियमात संसर्गजन्य अवस्थेतला कुष्ठरोग आजही प्रवेश नाकारायच्या आजारांच्या यादीत आहे. काका 1991 ला औषध पूर्ण करून मोकळे झालेत, त्याला आरएफटी म्हणतात, रिलीज्ड फ्रॉम ट्रीटमेंट, त्यांचं पिवळं पडलेलं कार्ड अजून आहे. बहुविध औषधोपचार सुरू झाला की संसर्ग फार लवकर थांबतो, पूर्ण झाल्यावर तर प्रश्नच नाही. तरी ताजं वैद्यकीय प्रमाणपत्र काढलं आणि इंटरव्ह्यूला खरं ते सांगायचं ठरवलं. काकांनी सांगितलं, हात दाखवले, कारव्हिलला का जायचंय ते सांगितलं. व्हिसा मिळाला.

दहा महिन्यांचे 178 दिवस कसे झाले तेही सांगतो. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या ज्या पॉलिसी आम्ही बघितल्या त्यात एका ट्रिपला जास्तीत जास्त 180 दिवस, साठीच्या वर तर आणखी अटी, आणि बाहेर असताना नवी पॉलिसी सुरू करता येत नाही. अमेरिका धरून आणि अमेरिका सोडून असे दर वेगळे, फरक बराच. इन्शुरन्सशिवाय या दोघांना पाठवायचं नाही यावर मामी ठाम होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून 5 ऑगस्टला निघून 29 जानेवारीला परत. या तारखांत ऋतूही बसले. बर्गनचं कुष्ठरोग म्युझियम उन्हाळ्यातच उघडं असतं म्हणून ते पहिलं, स्पिनालोंगाच्या बोटी ऑक्टोबरनंतर थांबतात म्हणून सप्टेंबर, कुलिऑन जानेवारीत कारण तेव्हा तिथं पाऊस कमी. तिकीट राउंड द वर्ल्डचं घेतलं, एकाच दिशेनं जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, उड्डाणांची संख्या ठरलेली. पश्चिमेकडे जायचं ठरवलं, त्या दिशेनं दिवस लांबतो आणि झोपेचा त्रास जरा कमी होतो.

कालाउपापाला जायला परवाना लागतो, सोळाच्या आतल्यांना प्रवेशच नाही, तिथं अजून काही जुने रहिवासी आहेत आणि त्यांचा खासगीपणा आधी. 1866 पासून 1969 पर्यंत आठेक हजार माणसं तिथं नेली. परवाना मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर मोलोकाई बेटावरच्या कड्यावरून खाली तो सगळा भूभाग दिसतो, तिथं बसायचं. काका म्हणतात वरून बघितलं तरी चालेल, आमच्याकडे यायलाही लोकांनी आधी विचारावं असं आम्हाला वाटतं.

पैशाचं म्हणाल तर मामांच्या ग्रॅच्युइटीतले काही, नातेवाईकांचे काही, आणि वसाहतीनं सतरंज्या विकून जमवलेले 40,000, जे घेऊ नयेत असं मला वाटत होतं पण काकांनी सांगितलं की लोकांना त्यात स्वतःचा वाटा हवाय. परदेशातल्या ओळखीच्या मराठी लोकांना डॉलरमध्ये वर्गणी पाठवायची होती. ती नम्रपणे नाकारली, कारण ज्यांनी पासपोर्ट बदललाय त्यांनी सामाजिक कामासाठी दिलेले पैसे ही कायद्यानं परकीय देणगी, त्याला एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि आमच्याकडे दोन्ही नाही. त्याऐवजी ते राहायला घर देणार आहेत. बर्गन आणि न्यू ऑर्लिन्सला सोय झालीय.

वसाहतीतल्या वीस जणांचं बोलणं रेकॉर्ड करून सोबत नेतोय, घर सोडल्याच्या दिवसाबद्दल. ते उतरवून इंग्रजीत आणायला मला चार महिने लागले. संमतीसाठी आधी एक पानी फॉर्म केला होता, तो रद्द केला. आता प्रत्येकाला त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवून, कुठं ठेवलं जाईल ते सांगून, नाव हवं की नको विचारून हो म्हणणंसुद्धा रेकॉर्ड केलंय. तीन जणांनी ऐकल्यावर नको म्हणलं, ती पुसून टाकली. हॅन्सनसारख्या माणसालाही 1880 ला एका पेशंट बाईवर तिला न विचारता प्रयोग केल्याबद्दल कोर्टानं दवाखान्यातल्या पदावरून काढलं होतं, ही गोष्ट मामांनी बैठकीत सांगितली होती, तेव्हापासून आमच्यातही कोणी घाई केली नाही. सतरा उरलीत.

औषधांत मामांची बीपी-शुगरची आहेत. ब्रँडची नावं बाहेर कोणाला कळणार नाहीत म्हणून चिठ्ठीवर मूळ नावं लिहून घेतली, टेलमिसार्टन, मेटफॉर्मिन. जपानमध्ये एक महिन्यापेक्षा जास्त गोळ्या न्यायच्या तर आधी त्यांच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं, तो अर्ज गेलाय.

मला काळजी आहे ती काकांच्या पायांची. तळव्यांना संवेदना नाही. बूट चावला, खडा गेला, गरम पाण्यानं भाजलं तरी त्यांना कळत नाही, आणि एकदा जखम झाली की महिनेच्या महिने जातात. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, ओल्या मोज्यात कातडी पांढरी पडून फुटते. म्हणून एमसीआर चपला, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ असलेल्या, वसाहतीतल्याच चांभारकाम करणाऱ्या भाऊंनी तीन जोड करून दिले, मागं पट्टा, कुठंही खिळा नाही, सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. एअरपोर्टवर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलीय, सलग अर्ध्या तासाच्या वर चालायचं नाही असं ठरलंय. अंघोळीचं पाणी आधी मामा कोपरानं बघणार. आणि रोज रात्री, कुठल्याही देशात असले तरी, वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात भिजवायचे, कडक कातडी दगडानं हलकी घासायची, ओल्या पायालाच तेल लावायचं, मग आरशात तळवा बघायचा.

मागच्या रविवारी मी वसाहतीत होतो तेव्हा त्यांची रंगीत तालीम चालली होती. घमेल्यात पाय, समोर पाटावर मामा. पाय पुसून झाल्यावर मामांनी खिशातून बॉलपेन काढलं, सवयीनं, काकांनी सवयीनं डोळे मिटले. मामांनी उजव्या तळव्याला चार ठिकाणी पेन टेकवलं, काकांचा हात हलला नाही. टाचेच्या कडेला टेकवलं तेव्हा हात खाली आला आणि बरोबर तिथं टेकला. मामांनी ती जागा वहीत लिहून घेतली, तारीख घातली, आणि डावा पाय वर घ्यायला सांगितला.